परत पाठवणाऱ्यांचा बोहाडा

३ फेब्रुवारी २०२५

आजपासून रोज लिहायचं ठरवलं आहे. कारण उदात्त वगैरे काही नाही. आज मी 'निवारा निधी संकलन समिती'चा सचिव झालो, आणि सचिवाने आपण केव्हा काय बोललो नव्हतो याची नोंद घरी ठेवलेली बरी.

सचिव झालो ते माझं अक्षर चांगलं आहे म्हणून. जव्हार तालुक्यात बावीस वर्षं मास्तरकी केल्यावर माणसाकडे एवढीच मालमत्ता उरते.

निवारा म्हणजे गावाच्या टोकाला असलेलं पाच खोल्यांचं घर. नवऱ्याने मारलेल्या, घराबाहेर काढलेल्या चौदा बायका आणि त्यांची नऊ मुलं तिथे राहतात. सरकारी अनुदान अकरा महिने आलेलं नाही. घरमालक म्हणतो, एप्रिलअखेर दोन लाख अनामत द्या, नाहीतर खोल्या मोकळ्या करा. बायकांच्या या प्रश्नावर विचार करायला आम्ही अकरा जण जमलो. अकराही पुरुष. बाराव्या गौराबाई, ज्या निवारा चालवतात. त्यांना दाराजवळची खुर्ची मिळाली, म्हणजे चहा आला की आत द्यायला सोपं.

अध्यक्ष मंगळूशेठ. रस्त्यांचे ठेकेदार आहेत. त्यांचा रस्ता पहिल्या वर्षी रस्ता असतो, दुसऱ्या वर्षी आठवण. 'आयाबहिणींसाठी' हा शब्द उच्चारताना त्यांचा गळा दाटून आला. एकूण सात वेळा आला, मी मोजलं. शेवटी गौराबाईंनी विचारलं, "शेठ, ता सगला खरा. पन भाडा कोण भरील?"

सगळे त्यांच्याकडे असे बघायला लागले, जणू आरती चालू असताना कुणाचा फोन वाजला.

७ फेब्रुवारी

ठाण्याहून एक सल्लागार आल्या. टीना मॅडम. निधी कसा उभारावा हे सांगण्याचा निधी त्या घेतात.

"सर, लोक आकड्यांना पैसे देत नाहीत. स्टोरीला देतात," त्या म्हणाल्या. "तीन-चार लेडीजचे फोटो द्या. मारल्याची खूण दिसली तर बेस्ट. चेहरा दिसला की देणगी येते."

गौराबाई दाराजवळून म्हणाल्या, "मॅडम, चेहरा दिसला का नवरा पन येतो."

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं आणि खोडलं.

१० फेब्रुवारी

काल वर्षाली आली. न कळवता. माझी धाकटी बहीण, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. आई गेल्यावर मीच वाढवली. मोखाड्याला दिलेली आहे. जावई अर्जुनराव सरकारी नोकरीत, पर्मनंट. आमच्या अख्ख्या भावकीत एवढं चांगलं स्थळ कुणाला मिळालं नाही, आणि हे ती विसरते.

सोबत सहा वर्षांची मालू आणि एक पिशवी. डाव्या हातावर कोपरापर्यंत फोड. तेल उडालं म्हणे. म्हणे म्हणजे मीच म्हणालो. ती काही म्हणाली नाही. दिवाळीत आली होती तेव्हा डोळ्याखाली काळंनिळं होतं; भाऊबीज झाली की मीच गाडीत बसवून दिलं. तेव्हाही मी फार खोदून विचारलं नाही. नवराबायकोत आपण किती शिरायचं?

रात्री तिला शांतपणे समजावलं. आज सकाळी मोखाड्याच्या एसटीत बसवून दिलं, खिडकीतून डझनभर केळी दिली आणि म्हटलं, "पोचलीस की फोन कर, म्हणजे मला शांत झोप लागेल."

समुपदेशन म्हणतात ते यालाच. गौराबाई एकेका बाईसाठी महिने घालवतात. मी दीड तासात संसार सांधला.

पुष्पलता सकाळपासून भांडी आपटते आहे. माझ्या बायकोला पाहुणे गेले की रडू येतं आणि राहिले की डोकं दुखतं; आज नेमकं काय झालं ते कळलं नाही.

१६ फेब्रुवारी

'धाव गं सखे धाव'. शिरपामाळ ते बाजारपेठ. स्पर्धक एकोणीस, त्यांपैकी बारा अंगणवाडी सेविका, ज्यांना धावण्याची तोंडी ऑर्डर होती. टी-शर्टच्या पाठीवर मंगळूशेठचा हात जोडलेला फोटो. त्यामुळे मागून पाहिलं तर एकोणीस मंगळूशेठ जीव घेऊन पळत होते.

शिरपामाळावर सहलीला आलेल्या लोकांनी व्हिडिओ काढले, देणगी कुणी दिली नाही. टी-शर्टचा खर्च वजा जाता निवाराच समितीचं काही देणं लागतो असा हिशोब निघाला. तो मी इतिवृत्तात घेतला नाही.

पहिली आली निवाऱ्यातली कमू. अनवाणी. बक्षीस मिक्सर. निवाऱ्याची वीज बिल थकल्यामुळे परवाच तोडली आहे, पण मिक्सर दिसायला छान आहे.

८ मार्च

महिला दिन. मंगळूशेठची कल्पना: 'आदर्श सून' स्पर्धा. प्रवेश फी निवाऱ्याला. फेऱ्या तीन: नाचणीची भाकरी थापणे, डोक्यावर हंडा घेऊन चालणे, आणि सासूबद्दल दोन शब्द.

गौराबाई सुरुवातीलाच उठल्या. मी माइक हातात धरूनच विचारलं, "काय झालं बाई?"

"काय नाय गुरुजी. आमच्याकडच्या चौदाच्या चौदा आदर्शच होत्या. म्हनून तं इथवर तग धरला त्यांनी." आणि गेल्या.

कार्यक्रम मात्र उत्तम झाला. सूत्रसंचालनाबद्दल चार जणांनी येऊन सांगितलं. मध्येच वर्षालीचे तीन फोन आले. स्टेजवर होतो, कापले. संध्याकाळी लावला तर बंद.

१२ मार्च

अर्जुनरावांचा फोन. वर्षाली मालूला घेऊन परवा निघून गेली. माझ्याकडे आली का, म्हणून. मी म्हटलं, नाही. ते बिचारे किती शांतपणे बोलत होते. "दादा, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून संसार टिकतात. आली की कळवा. मी न्यायला येतो."

मी सूर्यमाळच्या मावशीकडे, साखरशेतला तिच्या मैत्रिणीकडे, सगळीकडे विचारलं. नाही.

पुष्पलताला सांगितलं. ती भाकरी परतत होती. म्हणाली, "असेल कुठेतरी. धडधाकट बाई आहे."

एवढंच. सख्खी नणंद बेपत्ता आणि हिची भाकरी करपत नाही. बायका बायकांशी किती निष्ठुर असतात यावर एखाद्याने लेख लिहायला हवा.

१८ मार्च

होळी झाली. वर्षालीचा पत्ता नाही. झोप लागत नाही. पोलिसांत जाऊ म्हटलं तर पुष्पलता म्हणाली, "थांबा जरा. अर्जुनरावांनाही रोज फोन करू नका."

तिला मात्र अचानक समाजसेवा सुचली आहे. दर दोन दिवसांनी निवाऱ्यात डबा घेऊन जाते. आज आमच्या लेकीचे लहानपणचे फ्रॉक काढून नेले. बावीस वर्षांत जिने माझ्या एकाही समितीत रस घेतला नाही, तिला आता निवाऱ्याचं वेड! म्हटलं, सचिवाची बायको शोभतेस. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला.

२३ मार्च

आज बैठकीत गौराबाई पहिल्यांदा दाराजवळून उठून मध्ये आल्या.

"तुमच्या कल्पना झाल्या. आता आमची आयका. आमी बोहाडा करतो."

बोहाडा म्हणजे आमच्या भागातला मुखवट्यांचा उत्सव. संबळाच्या तालावर देवादिकांची सोंगं एकामागून एक येतात. रात्रभर चालतो, आणि सोंगं नाचवतात ती फक्त पुरुषांनी. मंगळूशेठना ठसकाच लागला. "देवाचे मुखवटे बायकांनी?"

"देवाचे नको. आमचे आमीच करू. कागदाचा लगदा, डिंक, रंग. मुखवट्यात चेहरा कोनाचा दिसत नाय. नवरा समोर बसला तरी वलखायचा नाय. आनि भरदुपारी करू. रातचे बायांना बाहेर कोन सोडील?"

"सोंगं कोणाची?" मी विचारलं.

"बाई मार खाऊन बाहेर पडली का तिला परत पाठवनारे किती जन असतात, गुरुजी. त्यांची."

सगळे हसले. मीही हसलो. कल्पना झकास आहे. सासू, पोलीस, भगत, पुढारी! आपल्या समाजाचं असं परखड दर्शन कुणीतरी घडवायलाच हवं होतं. पुढारी म्हटल्यावर मंगळूशेठ थोडे हलले, पण आपण पुढारी नसून समाजसेवक आहोत हे त्यांना वेळीच आठवलं.

सूत्रसंचालन अर्थात माझ्याकडे. तालमीला पुरुषांना बंदी. मला कल्पना पाठवायच्या आणि मी शब्द लिहून द्यायचे.

३० मार्च

पाडवा. गोडधोड झालं, गोड लागलं नाही. अर्जुनरावांना शुभेच्छा दिल्या आणि बोहाड्याला बोलावलं. बिचाऱ्यांचं मन रमेल.

दुपारी गौराबाई घरी आल्या. सासू आणि पोलिसाचे संवाद बायकांनी स्वतःच बसवलेत म्हणे. एक मात्र अडलं होतं.

"भावाचा सोंग आहे. बहिनीला परत धाडनारा. शिकलेला भाऊ हाय, शिव्या देत नाय, गोड बोलतो. आमाला ती भाषा जमत नाय. तुमी लिवून द्या ना."

मी बसल्या बैठकीला लिहून दिलं. एकही खाडाखोड नाही. 'हे बघ, संसार दोघांचा असतो. एकाचा आवाज चढला की दुसऱ्याने गप्प राहावं. दोन दिवस राहा, चार घास खा, मन शांत कर. परवा सकाळच्या गाडीला मी स्वतः बसवून देतो.' वगैरे. गौराबाईंनी दोनदा वाचून घेतलं.

"हुबेहूब," त्या म्हणाल्या.

लेखन हे शेवटी निरीक्षण असतं. पुष्पलता पाणी द्यायला आली होती ती तशीच उभी राहिली.

१३ एप्रिल

दुपारी चार. मैदान भरलं होतं. बायका एवढ्या आल्या की पुरुषांना मागे उभं राहावं लागलं. त्यांच्यातल्या कित्येकांना मागे उभं राहायची ही पहिलीच वेळ असावी. पुष्पलता आली नाही, डोकं दुखतंय म्हणाली. अर्जुनराव आले. मी त्यांना पुढच्या रांगेत मंगळूशेठच्या शेजारी बसवलं.

संबळ सुरू झाला. मी एकेक सोंग पुकारत होतो. सासू आली, तोंडाचा आ टेबलाएवढा. पोलीस कमू झाली होती असं कळलं. तक्रार लिहायला वही उघडायची, त्यातून पेन पडायचं, पेन शोधता शोधता झोपायची. लोक लोळत होते. भगत आला, त्याने मार खाल्लेल्या बाईच्याच अंगातलं भूत काढलं. पुढारी आला, त्याचा गळा सात वेळा दाटून आला. मंगळूशेठ सगळ्यात जोरात हसले. त्यांना वाटलं, दुसरंच कुणीतरी आहे.

मग मी पुकारलं, "आता येतोय लाडका दादा!"

मुखवट्याला चष्मा होता, बारीक मिशी होती. खिशाला पेन. चाल जरा घाईची, डोकं एका बाजूला. आवाज घोगरा केलेला. मी लिहिलेले शब्द एकेक करून बाहेर येत होते आणि प्रत्येक शब्दाला बायका हसत होत्या. पण हसू वेगळं होतं. सासूला हसल्या तसं नव्हतं. मला वाटलं, मी जरा भडक लिहिलंय. असा भाऊ कुठे असतो?

मग दादाने पिशवीतून केळी काढली.

केळी मी लिहिली नव्हती.

त्याने ती हवेत, नसलेल्या खिडकीतून आत दिली आणि म्हणाला, "पोचलीस की फोन कर. म्हणजे मला शांत झोप लागेल."

मैदानात केवढा हशा झाला. अर्जुनराव मांडीवर थापा मारत हसत होते. सोंग सूप घेऊन रांगेतून फिरायला लागलं, तसं लोक त्यात पैसे टाकायला लागले. ते अर्जुनरावांसमोर थांबलं. त्यांनी पाचशेची नोट टाकली. सूप हललं नाही. बाहीखालून डाव्या हाताची कातडी दिसत होती, गुलाबी, नवीन आलेली.

अर्जुनराव वळून मला म्हणाले, "दादा, हा भाऊ लई भारी. अगदी ओळखीचा वाटला!"

मी काही बोललो नाही. एवढं एक मी केलं. पुढचं सोंग पुकारायचं होतं, तेही राहिलं. गौराबाईंनी येऊन माझ्या हातातला माइक घेतला.

१४ एप्रिल

सुट्टी. सकाळी पुष्पलताला विचारलं, "कधीपासून?"

ती तांदूळ निवडत होती. "दहा मार्चपासून. आधी इथेच आली होती. तुम्ही शाळेत होतात. दारातच उभी राहिली. म्हणाली, वहिनी, दादा कधी येतो? म्हटलं, पाचला. म्हणाली, मग त्याच्या आत मला कुठेतरी पोचव."

"काल मालू..."

"माझ्याजवळ होती. निवाऱ्यात."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही तिला सोडायला गेला असता."

यावर काहीतरी टोचून लिहिता आलं असतं. तासभर पेन धरून बसलो.

१६ एप्रिल

निवाऱ्यावर गेलो. फाटकाच्या आत पुरुषांना प्रवेश नाही. हा नियम छापील आहे आणि छापायला मजकूर मीच दिला होता. बाहेर पायरीवर बसलो. गौराबाई आत जाऊन आल्या.

"भेटायची नाय म्हनते."

"केव्हा भेटेल?"

"ता तिनं नाय सांगितला. आनि मी विचारला पन नाय." त्या माझ्याशेजारी बसल्या. "गुरुजी, एक काम हाय. तिची केस लावायचीय. दिवाळीत ती तुमच्याकडं आली, फेब्रुवारीत आली. अंगावर काय होता ता तुमी बगितला. लिवून द्याल?"

"आणि मी काय केलं ते?"

"ता पन."

म्हटलं, विचार करतो. घरी येताना लक्षात आलं, मी आजवर कुठल्याही कामाला 'विचार करतो' म्हटलं की त्याचा अर्थ काय होतो ते अख्ख्या तालुक्याला माहीत आहे.

२१ एप्रिल

गौराबाईंबरोबर तालुक्याच्या कचेरीत गेलो. दिलं लिहून. घरातल्या मारहाणीच्या केसेस बघणाऱ्या संरक्षण अधिकारी मॅडमच्या टेबलावर, तीन पानं. तरुण आहेत, माझ्या विद्यार्थिनी शोभतील. वाचताना एका ओळीवर त्यांनी बोट ठेवलं.

"सर, इथे तुम्ही लिहिलंय, 'त्यानंतर तिला सासरी परत पाठवण्यात आले.' कोणी पाठवलं?"

बावीस वर्षं मी मुलांना प्रयोग शिकवतो. कर्तरी, कर्मणी. कर्ता लपवायचा असेल तर कुठला वापरायचा हे मला कुणी शिकवायची गरज नाही.

ओळ खोडली. वर लिहिलं, 'मी तिला परत पाठवले. दोन वेळा.' अक्षर वाईट आलं.

बाहेर बाकावर वर्षाली बसली होती, कमूच्या शेजारी. मला बघून उठली नाही, तोंडही फिरवलं नाही. मालूने हात हलवला. मी हलवला. काय बोलावं ते कळेना म्हणून विचारलं, "चहा घेशील?"

"झाला आमचा," ती म्हणाली.

संध्याकाळी अर्जुनचा फोन. "दादा, तुम्ही पण? माझी नोकरी जाईल."

"जाईल," मी म्हटलं. नंतर माझ्या लक्षात आलं की हे मी उपहासाने म्हटलं नव्हतं.

२७ एप्रिल

अनामत भरली गेली. बोहाड्याचं सूप, आणि नंतर मोखाड्याच्या दोन गावांनी बोलावून पुन्हा करायला लावलेली सोंगं. मंगळूशेठनी घरमालकाला पाकीट देतानाचा फोटो काढून घेतला आहे; पाकीट रिकामं होतं, पैसे गौराबाईंनी आधीच दिले होते. आणखी एक वर्ष निवारा तिथेच राहील. पुढचं पुढे.

आज रविवार, घरीच होतो. दुपारी गौराबाईंचा फोन.

"सूर्यमाळच्या पाड्यावरची एक बाई पहाटे आली. मागं तिचा भाऊ आलाय न्यायला. फाटकाशी बसलाय, उठत नाय. वाईट नाय पोरगा, रडतोय. आमचा आयकत नाय. तुमी येऊन बोला त्याच्याशी."

"मी काय बोलणार?"

"तुमाला त्याची भाषा येते," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. मी ऐकून पाहिलं, नव्हता.

गेलो. पंचविशीचा पोरगा, नाव भिका. वीटभट्टीवरून आलेला, पायाला अजून राख. मला बघून उठला, हात जोडले.

"गुरुजी, तुमीच सांगा तिला. दोन दिसांचा राग हाय. पोरांना आई नको का? दाजी एवढा वाईट नाय. मी आज चार घास घालतो, उद्याच्या गाडीनं स्वतः सोडतो."

त्याच्यापुढचं वाक्य मला येत होतं. त्याच्यापुढचंही. मी पायरीवर बसलो आणि त्यालाही बसायला सांगितलं. तो उभाच राहिला.

"तुमचा कोन आहे आत?" त्याने विचारलं.

"बहीण."

"न्यायला आलात?"

"नाही," मी म्हटलं. "मी तिला दोनदा परत धाडली होती. तिच्या अंगावर काय होतं ते बघून धाडली. कशी, ते तुला सांगतो. बस."

त्याने एकदा फाटकाकडे पाहिलं, पायाची राख झटकली. मग बसला.